हरभऱ्याची आंब आणि अळीचा अडकित्ता



हरभरा फुलावर आला आहे, आगाप पेरणीच्या रानांत घाटेही धरू लागले आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सध्या घाटे अळीवाचून दुसरा विषय नाही. त्यांतले मराठवाड्यातील एका भगिनीचे पत्र मी बाजूला काढून ठेवले. त्या लिहितात, "तीन फवारे झाले तरी अळी आहेच. दुकानदार म्हणतात चौथा मारा, आणि झाडाची प्रतिकारशक्ती वाढवणारे टॉनिक आले आहे तेही बरोबर घ्या. मागच्या फवाऱ्याला यांना चक्कर आली, बांधावर बसावे लागले. झाडाला स्वतःची प्रतिकारशक्ती खरोखर असते का, की हे नुसते विकायचे बोलणे?"

ताई, प्रश्न लाखमोलाचा विचारलात. प्रतिकारशक्ती असते. आपण विकत घेतो त्या औषधांपेक्षा ती पुष्कळ जुनी आहे आणि पुष्कळ कसबीही आहे. ती बाटलीत भरून मिळते का, हा निराळा प्रश्न. ती चालते कशी हे समजल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. आम्ही कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा किडीचे नाव आणि त्यापुढे औषधाचे नाव अशी जोडी पाठ करीत असू. झाड स्वतः काय करते, हा धडा जवळजवळ नव्हताच. तो धडा पुढे शास्त्रज्ञांनी लिहून काढला, आणि त्यातले एक मोठे पान आपल्या पुण्यात लिहिले गेले.

पण सुरुवात मुंबईपासून करतो. गेल्या पंधरवड्यात एका लग्नाच्या निमित्ताने परळला जाणे झाले. आपल्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी लालबाग-परळला असतेच. गिरण्या चालू होत्या त्या काळी तर सातारा-कोकणातल्या गावांत घरटी एक माणूस तिकडे असे. लग्न आटोपल्यावर घरच्या मंडळींबरोबर लालबागच्या मसाला गल्लीत गेलो. तिथे ब्याडगी, संकेश्वरी मिरच्यांच्या राशी लागलेल्या असतात, धने, हळकुंडे, मोहरी, हिंग असतो आणि बाजूला डंकावर मसाला कुटणे चालू असते. गल्लीच्या तोंडाशीच मला सटासट शिंका सुरू झाल्या. बरोबरची मुले हसली. त्यांना म्हटले, बाळांनो, इथे पोत्यांत भरलेले आहे ते सगळे झाडांचे दारूगोळ्याचे कोठार आहे. माणसाच्या जिभेला ते आवडले, हा योगायोग.

मिरचीचेच पाहा. तिचे तिखट कुरतडणाऱ्या जनावरांना आणि बुरशीला दूर ठेवते. पक्ष्यांना मात्र ते लागत नाही. म्हणून पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत खातो, आणि रानातला पक्षी मिरचीचे बी दूरवर नेऊन टाकतो. कोणाला हाकलायचे आणि कोणाला बोलवायचे हे झाडाने असे ठरवून ठेवले आहे.

मोहरीची तऱ्हा त्याहून शिकण्यासारखी. गृहिणींना हे माहीत आहे, फक्त त्याकडे त्या नजरेने कोणी पाहिलेले नसते. अख्खी मोहरी हुंगली तर वास नाही. तीच कुटून पाण्यात फेसली की झणका थेट मस्तकात जातो. हा झणका आधी कुठे होता? कुठेच नव्हता. मोहरीच्या दाण्यात दोन वस्तू दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. एक गंधकयुक्त द्रव्य, आणि दुसरे त्याला फोडणारे विकर, म्हणजे ज्याला शिकलेली मुले एन्झाइम म्हणतात ते. दाणा भरडला, कप्पे फुटले आणि ओल मिळाली, की दोन्ही एकत्र येऊन तिखट तेल तयार होते. किडीच्या दातांखाली पानातही हेच घडते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते तेही याच रीतीने. आणि कोवळी ज्वारी गुरांना बाधते, त्याचे कारण हेच. ज्वारीच्या पोंग्यात एक द्रव्य आणि त्याचे विकर अलग असते. जनावराने चावले की त्यातून सायनाइडचे विष सुटते. काढणीनंतर खोडांना आलेल्या फुटव्यांत आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत ते जास्त असते, हे गुराख्याच्या पोराला शास्त्रज्ञाआधी ठाऊक होते.

इथे एक गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे. मोहरी-कोबीच्या या दारूगोळ्याला बहुतेक किडी भितात, पण कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग भीत नाही. त्याच्या अळीपाशी हे द्रव्य विकराच्या हाती लागण्याआधीच निकामी करण्याची युक्ती आहे. इतकेच काय, मादी त्याच वासाच्या मागाने कोबीचे शेत शोधीत येते. एकाला हाकलण्यासाठी लावलेली पाटी दुसऱ्याला पत्ता सांगते, असा हा प्रकार.

ज्या गिरण्यांवर ते लालबाग-परळ उभे राहिले, त्यांच्या कापसाचीही हीच कथा. १८ जानेवारी १९८२ रोजी मोठा संप सुरू झाला, पुढे भोंगे बंद पडत गेले. त्याआधी अनेक पिढ्या विदर्भ-खानदेशाच्या गाठी तिथे सुटत होत्या. त्या कपाशीच्या पानावर, बोंडावर बारीक काळे ठिपके दिसतात ना, त्या ग्रंथी. त्यांत गॉसिपॉल नावाचे विष असते. सरकीतही ते असते, म्हणून सरकीचे तेल शुद्ध करूनच खायचे. शास्त्रज्ञांनी एकदा हे ठिपके नसलेली कपाशी तयार केली. सरकी खाण्याजोगी झाली खरी, पण एरवी कपाशीकडे न फिरकणाऱ्या किडीही त्या झाडांवर तुटून पडल्या. झाडाचे हत्यार काढून घेतले की ते किती उपयोगाचे होते हे कळते.

परतताना दादरच्या बाजारात शिरलो. फूलबाजारात जाईचे गजरे होते. त्या वासाची गोष्ट जरा पुढे सांगतो. भाजीच्या बाजूला हरभऱ्याचे डहाळे आले होते. एक बाई जुडी उचलून पाहत होत्या. त्यांची बोटे ओठाला लागली आणि त्या विक्रेत्याला म्हणाल्या, "यावर काय मारलंय? आंबट लागतंय." तो बिचारा शपथा घेऊ लागला. मला राहवले नाही. म्हटले, "अहो बाई, काही मारलेले नाही. ही हरभऱ्याची आंब आहे."

शहरातल्या बाईला ठाऊक नसेल, पण आपल्याकडे जुनी माणसे पहाटे दवात हरभऱ्यावर स्वच्छ धोतर पसरून ठेवीत, सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरीत आणि पोटदुखीवर, अपचनावर थेंबथेंब देत. ही आंब येते कुठून? हरभऱ्याच्या पानावर, देठावर, घाट्यावर बारीक लव असते, आणि तिच्या टोकाला आंबट थेंब असतात. त्यात मुख्यतः दोन आम्ले. एक मॅलिक आम्ल आणि दुसरे ऑक्झॅलिक आम्ल. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथे १९९०च्या दशकात ही आम्ले वेगवेगळी करून घाटे अळीला खाऊ घालून पाहिली, तेव्हा वाढ रोखणारे आम्ल ऑक्झॅलिक निघाले. ज्या वाणांत ते जास्त, त्यांवर अळी कमी पोसते. पाऊस झाला की ही आंब धुऊन जाते. अवकाळी पावसानंतर अळी वाढली असे आपण म्हणतो, त्यात ढगाळ हवेचा हात असतोच, पण झाडाची ही पहिली भिंत ओली होऊन वाहून गेलेली असते हेही लक्षात घ्यावे.

या भिंतीचा एक तोटाही आहे. ट्रायकोग्रामा नावाचा सूक्ष्म गांधीलमाशीचा किडा अळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतो. त्याची कार्डे ऊस-कापसात आपण लावतो. हरभऱ्यात मात्र ती फारशी लागू पडत नाहीत, कारण तो इवलासा जीव आंबेच्या थेंबांत आणि लवेत अडकतो. तेव्हा हरभऱ्यासाठी ट्रायकोकार्डावर पैसे घालवू नका.

आंब ही झाली बाहेरची बाजू. खरी झुंज अळीच्या पोटात होते.

अळी पान खाते, दाणा खाते. त्यातले प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. ती माळ जशीच्या तशी अळीच्या अंगी लागत नाही, आधी तिचे तुकडे व्हावे लागतात. तुकडे करायला अळीच्या आतड्यात पाचक विकरे असतात. विकर म्हणजे अडकित्ता. माळेचा ठराविक मणी अडकित्त्याच्या पात्यांत बसतो, कट्‌ आवाज, तुकडा पडला. आता झाड काय करते? ते एक लहानसे प्रथिन बनवते, ज्याचा एक कोपरा हुबेहूब त्या मण्यासारखा असतो. अळी ते गिळते. अडकित्ता त्याला सुपारी समजून धरतो, आणि तिथेच फसतो. ही सुपारी नसून गारगोटी असते. ती फुटत नाही आणि सुटतही नाही. असे अडकित्ते एकामागून एक बंद पडले की अळी पोटभर खाऊनही उपाशी राहते. शिवाय नवे अडकित्ते घडवण्यात तिच्या अंगचे प्रथिन खर्ची पडते, ते निराळेच. या गारगोट्यांना आपण रोधक प्रथिने म्हणू. कच्च्या सोयाबीनमध्ये ती भरपूर असतात, म्हणून कोंबड्यांना कच्चे सोयाबीन घातले तर पिले पोसत नाहीत. चांगले भाजले-शिजवले की गारगोटी विरघळते.

झाडाचे शहाणपण असे, की हा साठा ते बाराही महिने पानांत भरून ठेवीत नाही. १९७२ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी बटाटा-टोमॅटोच्या झाडांवर भुंगेरे सोडून पाहिले. भुंगेऱ्याने एक पान कुरतडले की काही तासांत त्या पानात ही रोधक प्रथिने वाढू लागली. नवल म्हणजे न कुरतडलेल्या, वरच्या पानांतही वाढली. वरच्या पानांना खबर दिली कोणी?

या दवंडीवाल्याचा शोध घ्यायला रायन यांना जवळजवळ वीस वर्षे लागली. १९९१ साली टोमॅटोच्या पानांतून त्यांनी अवघ्या अठरा मण्यांची एक इवली माळ वेगळी काढली. तिचे नाव सिस्टेमिन. जखम झाली की ती सुटते आणि आसपासच्या पेशींना जागे करते. जाग्या झालेल्या पेशी आपल्या पापुद्र्यातली चरबी काढून तिच्यापासून एक द्रव्य घडवतात. ही चरबी कोणती? जवसाच्या तेलात जी सर्वांत जास्त असते तीच, लिनोलेनिक आम्ल. आणि तिच्यापासून घडते ते द्रव्य म्हणजे जॅस्मोनिक आम्ल. नावावरून ओळखले असेल. जाईच्या तेलात याच द्रव्याचे एक सुगंधी भावंड १९६२ साली सापडले होते आणि अत्तरवाल्यांनाच काय ते त्याचे कौतुक होते. १९९० साली रायन यांच्याच प्रयोगशाळेत असे दिसले की हे सुगंधी भावंड अंगात असलेल्या एका रानटी झुडपाची फांदी टोमॅटोच्या रोपांशेजारी बंद पेटीत नुसती ठेवली, तरी रोपांनी रोधक प्रथिने बनवायला घेतली. स्पर्श नाही, जखम नाही, नुसता वास. दादरच्या त्या गजऱ्यातला वास झाडांच्या भाषेत धोक्याचा इशारा असतो, हे माळणारणीला कोण सांगणार!

हा इशारा आत काय करतो तेही आता कळले आहे. रोधक प्रथिन कसे बनवायचे याची कृती झाडाच्या जनुकांत लिहिलेली असतेच, पण एरवी त्या वहीवर कुलूप असते. जॅस्मोनिक आम्ल आले की झाड स्वतःच ते कुलूप मोडून टाकते आणि कृती वाचली जाऊ लागते. हे कुलूप कोणते, ते २००७ साली सापडले. कुलूप ठेवायचे कारण साधे आहे. लढाईला खर्च येतो. प्रथिने गारगोट्यांत घालवली तर फांद्या, फुले, दाणे कशाचे बनवायचे? रोज रात्री गावभर गस्त घातली तर दिवसा नांगर कोण धरणार?

तर ताई, टॉनिकचे उत्तर इथे आहे. झाडाला कायम लढाईच्या पवित्र्यात ठेवणारे औषध खरोखर निघाले, तरी ते वाढ खाईल. जॅस्मोनिक आम्ल बाहेरून दिलेली झाडे किडीला दाद देत नाहीत, पण खुरटतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आणि बाजारातल्या बाटलीत नेमके काय आहे ते लेबलावर नसेल, कृषी विद्यापीठाची शिफारस नसेल, तर पावती फाडू नका. माझे मत विचाराल तर तेवढ्या पैशांत कामगंध सापळे येतील.

आता पुण्याची गोष्ट. हरभऱ्याच्या दाण्यातही अशी रोधक प्रथिने असतात. मग घाटे अळी हरभऱ्यावर एवढी माजते कशी? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. अळीच्या आतड्यातला रस काढून त्यांनी तो हरभऱ्याच्या रोधक प्रथिनांबरोबर ठेवला. १९९८ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे, की अळीचा रस हरभऱ्याची गारगोटीच फोडून टाकतो. हजारो वर्षे हरभरा, तूर, कापूस खात आलेल्या या अळीने गारगोटी फोडणारे अडकित्ते पैदा केले आहेत. शिवाय एका तऱ्हेचे अडकित्ते अडकले की ती दुसऱ्या तऱ्हेचे काढते. कोबीवरच्या पतंगाची युक्ती आठवली ना, तसेच.

मग त्या मंडळींनी उलटा विचार केला. जी झाडे ही अळी सहसा खात नाही, त्यांच्या गारगोट्या तिने कधी पाहिलेल्या नसणार. १९९९ साली त्यांनी भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांतली रोधक प्रथिने अळीच्या खाद्यात मिसळली. अळ्यांची वाढ खुंटली, आणि मिश्रण दिले तेव्हा पुढे होणाऱ्या पतंगांची अंडी घालण्याची शक्तीही घटली. २००३ साली कारल्याच्या बियांतील प्रथिनांनी तर आतड्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक काम बंद पाडले, आणि अळीचा रस त्यांना सहज फोडूही शकला नाही. कारल्याची परसातली वेल, जिच्याकडे मुले तोंड वेंगाडून पाहतात, तिच्या बीत घाटे अळीला नकोशी अशी वस्तू निघाली.

यावरून कोणी उद्या कारल्याच्या बिया वाटून फवारायला निघेल, म्हणून आधीच सांगतो. प्रयोगशाळेत शुद्ध केलेले प्रथिन अळीच्या खाद्यात कालवणे वेगळे आणि रानात फवारणे वेगळे. ही जनुके हरभऱ्यात घालण्याचा विचार आहे, पण आजमितीस आपल्या देशात जनुक बदललेला हरभरा लागवडीला मंजूर नाही. बीटी कापसात आहे ते प्रथिनही झाडाचे नव्हे, मातीतल्या एका जिवाणूचे. तो कापूस २००२ साली आला आणि पहिली वर्षे उत्तम चालला. पण एकाच हत्याराशी वर्षानुवर्षे गाठ पडत राहिली, तशी गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने काय केले ते मी सांगायला नको.

या सगळ्यातून शेतकऱ्याने एक गोष्ट घ्यायची, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. झाड अळीला मारीत नाही, तिला रखडवते. आंब असो वा रोधक प्रथिन, अळी मोठी व्हायला दोन-चार दिवस जास्त लागतात, ती किरकोळ राहते, उघड्यावर जास्त वेळ भटकते. मारण्याचे काम झाड दुसऱ्यांवर सोपवते. चिमण्या, साळुंक्या, बगळे, कोळी, परोपजीवी माश्या हे ते दुसरे. मक्याचे झाड तर त्यांना हाका मारते. १९९० साली अमेरिकेत टर्लिंग्ज या शास्त्रज्ञाने दाखवले की अळीने मक्याचे पान खाल्ले की पानातून एक खास वास सुटतो, आणि त्या वासावर गांधीलमाशीच्या जातीचे परोपजीवी किडे अळी शोधत येतात. नुसते विळ्याने पान कापले तर तसा वास सुटत नाही, अळीची लाळ जखमेला लागावी लागते. आपल्या हरभऱ्यातही कँपोलेटिस नावाची काळी, सडपातळ माशी लहान अळ्यांत अंडी घालते. शेतात पानावर तांदळासारखा छोटा कोश दिसला, तर तो बहुधा तिचा असतो. तो चिरडू नका.

आणि आपण काय करतो? फुले लागताच जालीम औषधाचा पहिला फवारा. माशी मेली, कोळी मेले, पक्षी उडाले. अळी मात्र पुरती मरत नाही. पायरेथ्रॉइड औषधांना ही अळी दाद देईनाशी झाली, हे १९८७ सालीच आंध्र प्रदेशातील गुंटूर-प्रकाशमच्या कापसावर कळून चुकले होते. त्याचे एक कारण मला फार बोलके वाटते. २०१२ साली चीनमधील शास्त्रज्ञांना दिसले की कपाशीतले गॉसिपॉल खाऊन अळीच्या अंगात जी विष उतरवणारी विकरे वाढतात, तीच पुढे पायरेथ्रॉइड औषधही पचवायला कामी येतात. म्हणजे झाडाच्या विषावर तालीम करून ती आपल्या औषधापुढे उभी राहते. तीन फवाऱ्यांनंतर अळी का आहे, याचे उत्तर यात आले.

अळी सोशिक आहे, माणूस नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. ताई, मालकांना चक्कर आली ही साधी गोष्ट समजू नका. पुन्हा तसे वाटले तर काम तिथेच थांबवावे, कपडे बदलावे, अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा लेबलासकट बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठावा. लिंबूपाणी पाजून घरी निजवू नये. दोन औषधे एका पंपात कालवणे तर आजपासून बंद.

आता चौथ्या फवाऱ्याचे. तो आज मारू नका. उद्या सकाळी शेतात जाऊन पाच-सहा ठिकाणी एकेक मीटर ओळीतली झाडे हलवून, खाली कापड धरून अळ्या मोजा. मीटरला सरासरी एकाहून कमी पडली तर फवारणीचे कारण नाही. एक-दोन वा अधिक निघाल्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग आले, तर उपाय करायचा. हेक्टरी पाच सापळे पुरतात. मोठ्या अळ्या वेचून घ्याव्यात. घाट्यात डोके आणि बाहेर धड अशी ती बसलेली असते, ओळखायला सोपी. एकेक अळी आयुष्यात तीस-चाळीस घाटे पोखरते म्हणतात, तेव्हा वेचणीची मजुरी वाया जात नाही. शेतात ठिकठिकाणी इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या रोवा, पक्ष्यांना बसायला जागा होईल. पुढच्या साली पेरतानाच हरभऱ्यात थोडी ज्वारी मिसळा, कणसांवर पक्षी आपणच येतात. मधून मधून धने आणि जवसाच्या ओळी टाका, त्यांच्या फुलांवर परोपजीवी माश्यांना खाद्य मिळते. युरियाचा हात आखडता ठेवा. हरभरा हिरवागार माजला म्हणजे पीक चांगले असे नव्हे.

अळ्या लहान असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, थोडे साबणाचे पाणी घालून शंभर लिटर करावा आणि त्याच दिवशी संपवावा. त्यानंतर लागलाच तर घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, हेक्टरी २५० एल.ई. या प्रमाणात, उन्हे उतरल्यावर फवारावा, कारण उन्हाने तो मरतो. हा विषाणू फक्त त्या अळीला लागतो. माणसाला, गुरांना, कँपोलेटिसला नाही. तीन-चार दिवस काही झाले नाही असे वाटेल. मग अळ्या शेंड्यावर चढून उलट्या लटकलेल्या, काळ्या पडून पाझरणाऱ्या दिसतील. त्या गोळा करून टाकून देऊ नका, तशाच राहू द्या. त्यांच्यातूनच तो बाकीच्यांना लागतो.